कन्सोलच्या स्टिअरिंगचे अंश: ९००, ५४० की ३६०?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या गाडीचे इंजिन सुरू करावे, स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत न्यावे आणि त्या अवस्थेत जो भाग वर येईल त्यावर लाल इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवावा. मग स्टिअरिंग सावकाश उजवीकडे दुसऱ्या टोकापर्यंत वळवत टेप किती वेळा पुन्हा वर येते ते मोजावे. माझ्या हॅचबॅकमध्ये हे फेरे जवळजवळ साडेतीन भरले, म्हणजे सुमारे १२६० अंश. हा प्रयोग एकदाच करावा, कारण उभ्या गाडीची चाके अशी घासत वळवणे टायरला मानवत नाही आणि ठाण्यातल्या आमच्या वॉचमनकाकांनाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. पण गेम खेळायच्या कन्सोलला जोडलेल्या स्टिअरिंगच्या सेटिंगमध्ये ज्याला रोटेशन म्हणतात ते नेमके काय, हे कोणत्याही सेटिंगच्या पडद्यापेक्षा या पाच मिनिटांत अधिक स्पष्ट होते.

रोटेशन म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग एकूण किती फिरते तो आकडा. नव्याने स्टिअरिंग घेणाऱ्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. ९०० अंश म्हणजे एका बाजूला ९०० नव्हे, तर मध्यापासून डावीकडे ४५० आणि उजवीकडे ४५०, असे मिळून अडीच फेरे. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांमध्ये हे फेरे साधारण अडीच ते साडेतीन असतात. फॉर्म्युला वनच्या गाडीत मात्र चालकाचे हात एकमेकांवरून जातच नाहीत, कारण तिथे सगळा प्रवास साधारण एका फेऱ्यातच संपतो. अरुंद कॉकपिटमध्ये कोपर फिरवायला जागा नसते आणि गिअरचे पॅडल व बटणे स्टिअरिंगवरच असल्यामुळे पकड सोडूनही चालत नाही. म्हणून ‘सगळ्या गेमसाठी सर्वांत चांगला आकडा कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, आणि आपले काम म्हणजे हातातले स्टिअरिंग, गेम आणि गेममधली गाडी या तिघांचे आकडे एकमेकांशी जुळवणे.

हे जुळवणे का महत्त्वाचे आहे, ते थोड्या हिशेबाने पाहू. समजा, गेममधल्या गाडीची पुढची चाके प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ३० अंश वळतात. स्टिअरिंग ९०० वर असेल, तर हाताने ४५० अंश फिरवल्यावर चाके ३० अंश वळतील, म्हणजे प्रमाण १५ ला १. तेच स्टिअरिंग ३६० वर आणले, तर हाताच्या १८० अंशांत तेवढीच चाके वळतात आणि प्रमाण ६ ला १ होते. आता सरळ रस्त्यावर हात नकळत १० अंश हलला, तर पहिल्या बाबतीत चाक पाऊण अंशाहूनही कमी हलेल, दुसऱ्या बाबतीत मात्र ते दीड अंशाच्या पुढे जाईल. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगात हा फरक गाडी ओळीत राहण्याचा आणि भिंतीला लागण्याचा असतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे: ३६० वर अगदी अवघड वळणसुद्धा मनगट आणि कोपर यांच्या आवाक्यात राहते, तर ९०० वर त्याच वळणाला हात एकमेकांवरून टाकावे लागतात आणि गाडी घसरली की उलट स्टिअरिंग द्यायला उशीर होतो. कमी अंशांत चपळाई मिळते, जास्त अंशांत बारकावा मिळतो, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत.

सत्ता कोणाच्या हाती, हे आधी ठरवावे

नेरूळला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या पावसाळ्यात फोन आला. “मामा, गाडी साबणावर चालवल्यासारखी वाटते. स्टिअरिंग बिघडलंय बहुतेक, परत देऊ का?” रविवारी गेलो. स्टिअरिंगमध्ये काहीच बिघाड नव्हता. आदल्या आठवड्यात फॉर्म्युला गाड्यांचा गेम खेळताना त्याने स्टिअरिंगवरच्या बटणांनी रोटेशन ३६० वर आणले होते आणि ते तो विसरून गेला होता. नव्या गेमला मात्र स्टिअरिंग ९०० चे आहे असेच वाटत होते. त्यामुळे हात २० अंश वळला की पडद्यावरचे स्टिअरिंग ५० अंश वळत होते, म्हणजे बरोबर अडीचपट. मोड बटणाजवळचा दिवा दोनदा लुकलुकला, म्हणजे ३६० चालू असल्याची खूण दिसली, तेव्हा त्याच्या लक्षात आले आणि तो ओशाळून हसला. बॉक्स मात्र त्याने आधीच माळ्यावरून काढून ठेवला होता.

रोटेशन दोन ठिकाणी बदलता येते, एक स्टिअरिंगमध्ये आणि दुसरे गेममध्ये. एका ठिकाणी बदलले आणि दुसऱ्या ठिकाणी तसेच राहिले की असा गोंधळ होतो, म्हणून सत्ता एकाच्याच हाती द्यावी. माझी पद्धत अशी आहे की स्टिअरिंगचे स्वतःचे रोटेशन एकदा ९०० वर ठेवायचे आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. कमी-जास्त जे करायचे ते गेममध्येच करायचे. ज्या गेममध्ये रोटेशनची पट्टीच नाही आणि गेम ते काम स्वतःहूनही करत नाही, तेवढ्यापुरता अपवाद करावा आणि खेळून झाल्यावर आकडा परत ९०० वर आणावा.

आपले स्टिअरिंग किती अंश फिरू शकते आणि ते कुठून बदलते, हे यासाठी माहीत हवे. लॉजिटेकची जी२९, जी९२० आणि जी९२३ ही तिन्ही ९०० अंशांची आहेत. संगणकावर त्यांचे रोटेशन जी हब या सॉफ्टवेअरमधून बदलते, पण कन्सोलवर ते सॉफ्टवेअर नसते आणि स्टिअरिंगवर त्यासाठी वेगळे बटणही नाही, त्यामुळे तिथे सगळा कारभार गेमकडे असतो. थ्रस्टमास्टर टी३०० आरएस १०८० अंशांपर्यंत जाते. मोडचे बटण दाबून धरून डी-पॅड, म्हणजे चार दिशांचे बटण, डावीकडे किंवा उजवीकडे दाबला की २७०, ३६०, ५४०, ९०० आणि १०८० असे पाच टप्पे मिळतात आणि दिवा अनुक्रमे एक ते पाच वेळा लुकलुकून कोणता टप्पा चालू आहे ते सांगतो. टी२४८ हे ९०० अंशांचे आहे. फॅनाटेकच्या सीएसएल डीडीसारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांचा, म्हणजे ज्यांत रिम थेट मोटारीच्या दांड्यावर बसते त्यांचा, आवाका २५२० अंशांपर्यंत आहे, पण त्यांच्या मेनूमध्ये रोटेशनसाठी ‘ऑटो’ हा पर्याय असतो आणि कन्सोलवर तोच ठेवणे शहाणपणाचे. थ्रस्टमास्टर टी८० चे मात्र गणित वेगळे आहे. ते एकूण २४० अंशच फिरते, त्यात मोटार नसून रबरी दोरीचा ताण असतो, आणि त्याला ९०० अंशांची गाडी कोणतीही पट्टी सरकवून शिकवता येणार नाही. असे स्टिअरिंग असेल, तर हे बहुतेक विवेचन बाजूला ठेवून गेममधली संवेदनशीलता कमी करावी आणि आर्केड धाटणीच्या गेमचा आनंद घ्यावा.

जाता जाता खरेदीविषयी एक सांगतो, कारण वापरलेली स्टिअरिंगे विकत घेताना यात अनेकजण फसतात. जी२९ एक्सबॉक्सवर चालत नाही आणि जी९२० प्लेस्टेशनवर चालत नाही. जी२९ वर पीएस३ आणि पीएस४ अशी सरकपट्टी असते. पीएस५ ला जोडतानाही ती पीएस४ वरच ठेवायची असते.

सॉफ्ट लॉक आणि गेमनुसार निवड

चांगल्या सिम्युलेशन गेममध्ये सॉफ्ट लॉक नावाची सोय असते. स्टिअरिंग ९०० चे असले आणि गाडी ५४० ची असली, तर गाडीचा शेवट येतो तिथे मोटार जोर लावून हात थोपवते आणि मधल्या भागात हाताचा एक अंश म्हणजे पडद्यावरचा एक अंश असे सरळ नाते राहते. डर्ट रॅली २.० मध्ये हा पर्याय त्याच नावाने दिलेला आहे आणि तो चालू ठेवावा. मग गाडी बदलली तरी मेनूत जावे लागत नाही. अशी सोय असेल तेव्हा डोके चालवण्याचा मोह टाळावा. ‘मला ५४० आवडते’ म्हणून प्रत्येक गाडी ५४० वर खेचणारे खेळाडू गाडीच्या मूळ स्वभावाला मुकतात.

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये हा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो. त्यातल्या सगळ्या जीटी३ गाड्या (स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या) एकाच वर्गातल्या असूनही स्टिअरिंगचे आकडे सारखे नाहीत: फेरारी ४८८ चे ४८०, ऑडी आर८ चे ७२० आणि पोर्शे ९११ चे ८०० अंश. मेनूमध्ये जो ‘स्टिअर लॉक’ आहे त्यात गाडीचा नव्हे, तर आपल्या स्टिअरिंगचा खरा आकडा भरायचा असतो. तो ९०० भरला की प्रत्येक गाडीचा हिशेब गेम करतो. इथे गाडीचा आकडा भरणे ही नेहमीची चूक आहे, आणि तसे केल्यावर गाडी सुस्त का वाटते याची चर्चा रात्रभर चालते.

ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये स्टिअरिंग ९०० वर, फॅनाटेक असल्यास ऑटोवर, ठेवून रोटेशनचा विचार गेमवर सोपवावा. तिथल्या मेनूमधल्या मॅक्स टॉर्क आणि सेन्सिटिव्हिटी या दोन पट्ट्या हाताला जाणवणाऱ्या जोराच्या आहेत, अंशांच्या नव्हेत. वळण जड वाटते म्हणून त्या खालीवर करून रोटेशनचा प्रश्न सुटत नाही. फॉर्म्युला वनच्या गेमसाठी ३६० हा सरळ आकडा आहे. मोनॅकोच्या ट्रॅकवरचे हॉटेलसमोरचे वळण तेवढे अवघड जाते, पण तिथे खऱ्या चालकांनाही स्टिअरिंग टोकापर्यंत न्यावे लागते. फोर्झा होरायझन ५ मध्ये स्टिअरिंग लिनियारिटी (मध्यापासून टोकापर्यंत हात आणि चाक यांचे प्रमाण ठरवणारी पट्टी) ५० वर, आतला डेडझोन (हात हलला तरी गेम दखल घेत नाही तो भाग) ० वर आणि बाहेरचा १०० वर ठेवून सुरुवात करावी.

ज्या गेममध्ये काहीच आपोआप होत नाही, तिथे सुरुवातीला मी असे आकडे धरतो: रस्त्यावरच्या साध्या गाड्यांना ९००, जीटी आणि टूरिंग गाड्यांना ५४०, रॅलीला ५४०, फॉर्म्युलाला ३६० आणि कार्टला २७०. ड्रिफ्टच्या, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळण घेण्याच्या, बाबतीत मतभेद आहेत आणि त्याचे कारण आवडीपेक्षा मोटारीत अधिक आहे. ड्रिफ्टमध्ये गाडीची शेपूट बाहेर गेली की स्टिअरिंग स्वतःहून उलट दिशेला झपकन फिरावे लागते. गिअरवर चालणाऱ्या लहान मोटारीला ९०० अंशांतले ते अंतर वेळेत कापता येत नाही आणि खेळाडू हाताने धक्का देत राहतो. डायरेक्ट ड्राइव्हवर तेच अंतर सहज कापले जाते. म्हणून गिअरचे स्टिअरिंग असेल तर ड्रिफ्टसाठी ५४० ते ७२० च्या दरम्यान राहावे, जोरदार मोटार असेल तर ९०० ला घाबरू नये.

लिनियारिटी आणि सॅच्युरेशन या पट्ट्यांविषयी माझे मत ठाम आहे: स्टिअरिंग असताना त्या मुळाच्या जागी राहू द्याव्यात. मुळात त्या गेमपॅडच्या अंगठ्याएवढ्या काडीसाठी जन्मल्या आहेत, कारण तिथे सारे वळण दोन बोटांच्या अंतरात बसवायचे असते. लिनियारिटी वाकवली की मध्याजवळ गाडी मंद आणि टोकाजवळ तिखट होते, म्हणजे एकाच वळणात प्रमाण बदलत जाते आणि हाताला अंदाज बांधता येत नाही. सॅच्युरेशन वाढवले तर स्टिअरिंग अर्ध्यात असतानाच चाके पूर्ण वळतात. ती रोटेशन कमी करण्याचीच आडवाट आहे. डेडझोन शून्य असावा. जुन्या स्टिअरिंगचा मध्य थोडा भटकत असेल तेव्हा एक-दोन टक्के चालतील, त्याहून अधिक लागत असेल तर दोष सेटिंगमध्ये नसून यंत्रात आहे.

कसे तपासावे

पार्किंगमधली ती टेप इथे पुन्हा उपयोगी पडते. गेमचे स्टिअरिंग मध्यावर असताना रिमच्या वरच्या बाजूला बोटभर रुंदीची टेप लावावी. गाडी उभी असताना, कॉकपिटचा कॅमेरा निवडून, टेप घड्याळातल्या तीनच्या जागी येईपर्यंत हात वळवावा, म्हणजे बरोबर ९० अंश. पडद्यावरचे स्टिअरिंगही तीनवर आले तर जुळणी बरोबर आहे. ते पुढे गेले तर गेमला आपले स्टिअरिंग आहे त्याहून मोठे वाटते आहे, मागे राहिले तर लहान. एक सावधगिरी: काही गेममध्ये पडद्यावरच्या चालकाचे हात ठरावीक अंशांनंतर फिरायचेच थांबतात, गाडी मात्र पुढे वळत राहते. म्हणून तुलना ९० अंशांपर्यंतच करावी. तीनशे अंशांवर दोन्ही जुळत नाहीत म्हणून घाबरून जाऊ नये.

त्यानंतर रस्ता. दोन जागा पुरतात: एक लांब सरळ पट्टा आणि एक अगदी चिंचोळे वळण. माँझा या शर्यतीच्या ट्रॅकच्या मुख्य सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात गाडी नेऊन हात सैल ठेवावेत. गाडी सतत डावी-उजवी होत राहिली आणि आपण ती सावरत बसलो, तर अंश कमी पडत आहेत. पाम बीच रोडवर वाशीहून बेलापूरकडे जाताना खऱ्या गाडीत हात किती कमी हलतो ते आठवावे. गेममधल्या सरळ रस्त्यावरही हाताला तितकीच विश्रांती मिळायला हवी. मग स्पा ट्रॅकचे ला सोर्स किंवा सुझुका ट्रॅकची हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारे वळण, घ्यावे. तिथे हात पकड न बदलता वळण पार पडत असेल, किंवा पकड फार तर एकदा बदलावी लागत असेल, तर आकडा बरा आहे. वळणाच्या मध्यावर कोपर छातीला टेकून अडत असेल, तर अंश जास्त आहेत. बदल करताना एका वेळी ९० अंशांपेक्षा मोठी उडी घेऊ नये आणि प्रत्येक बदलानंतर किमान वीस फेऱ्या माराव्यात, कारण पहिल्या पाच फेऱ्यांत हात जुन्याच सवयीने चालतो आणि त्याचा निकाल खोटा असतो.

रोटेशनच्या नावावर खपणारे दुसरेच दोष बरेच असतात, आणि आपल्याकडच्या घरांत ते विशेष आढळतात. वन बीएचकेच्या हॉलमध्ये स्टिअरिंग बहुधा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलालाच क्लॅम्पने आवळलेले असते. टेबल हलके असेल, तर हाताचे पहिले पाच-दहा अंश स्टिअरिंगपर्यंत पोहोचतच नाहीत, ते टेबल डोलण्यात जातात. खेळणाऱ्याला वाटते की मध्याजवळ गाडी ढिली आहे आणि तो रोटेशन कमी करत सुटतो. आधी टेबल भिंतीला टेकवावे, पायांखाली रबराचे तुकडे घालावेत आणि सनमायकावर क्लॅम्प घसरत असेल तर मध्ये जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घालावा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दृष्टीनेही तो रबराचा तुकडा हितकारक ठरतो, कारण गिअरवर चालणाऱ्या स्टिअरिंगची खडखड रात्री फरशीतून चांगली उतरते. बसण्याचे अंतरही पाहावे: हात स्टिअरिंगच्या माथ्यावर ठेवल्यावर मनगट रिमवर टेकले आणि पाठ खुर्चीला लागूनच राहिली, तर ९०० अंशांतही हात एकमेकांवरून टाकता येतात. प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे वाकून बसणाऱ्याला ५४० सुद्धा जड जातात.

दुसरा दोष टीव्हीचा. चित्र गुळगुळीत करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यामुळे पडद्यावरची गाडी हातापेक्षा मागे राहते. आपण वळवतो, काही होत नाही म्हणून अजून वळवतो, आणि मग सगळे एकदम होते. त्याला ‘स्टिअरिंग फार तिखट’ असे नाव मिळते. टीव्हीवर गेम मोड चालू करावा. पीएस५ आणि एचडीएमआय २.१ चा टीव्ही असेल तर कमी विलंबाचा मोड आपोआप लागतो, पण टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टसाठी तो बंद नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे. हे करण्याआधी निवडलेला रोटेशनचा आकडा टाकून द्यावा आणि चाचणी नव्याने घ्यावी.

भाच्याच्या टेबलाच्या खालच्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर प्रत्येक गेमचे नाव, स्टिअरिंगचा आकडा, गेममधला आकडा आणि शेवटच्या बदलाची तारीख एवढेच लिहिलेले असते. चार खेळाडू एकच स्टिअरिंग वापरत असतील, तर असा कागद हवाच.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी. वीज क्षणभर गेली आणि परत आली, की गिअर किंवा पट्ट्यावर चालणारे स्टिअरिंग बहुधा पुन्हा जोडले जाते आणि आपला मध्य शोधण्यासाठी स्वतःहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते. त्या वेळी रिम धरून ठेवली किंवा रिमला काही अडले, तर मध्य चुकतो आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढू लागते. अशा वेळी सेटिंगमध्ये शिरू नये. गेम बंद करावा, स्टिअरिंगची यूएसबी वायर आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही काढावेत, रिम हाताने मध्यावर आणावी, दोन्ही पुन्हा जोडून हात मांडीवर ठेवावेत आणि लाल टेप फिरून बरोबर वरच्या जागी थांबली की मगच शर्यत पुन्हा सुरू करावी.